दस्तुरीच्या पुढे पायी

दिवाळीचे पाहुणे परतलेले असतात, मुलांची सहामाही परीक्षा संपलेली असते आणि पहाटेच्या हवेत सुखद गारवा उतरू लागलेला असतो. अशा दिवसांत घरोघरी एकच प्रश्न निघतो : शनिवार-रविवार कुठे जावयाचे? बहुतेक घरांत या प्रश्नाचे उत्तर मोटारीच्या चाकांवरच शोधले जाते. पहाटे निघणे, घाटातील वाहनांच्या रांगेत दोन तास, हॉटेलच्या खोलीत दुपारची झोप, एखाद्या कड्यापाशी गाडी उभी करून घेतलेली छायाचित्रे आणि रविवारी रात्री पुन्हा तीच रांग. दोन दिवसांचा हिशेब मांडला, तर प्रत्यक्ष डोंगराच्या सहवासात गेलेला वेळ तासा-दोन तासांहून अधिक भरत नाही. शिखरजीची वंदना पायी केल्याचे आजी आजही अभिमानाने सांगते. तिच्या नातवंडांना मात्र पलीकडच्या गल्लीतील शिकवणीलाही गाडीने सोडावे लागते. आपल्या काळाची ही एक गंमतच आहे.

चालण्यासाठी म्हणून दोन दिवसांची सुटी काढावयाची असेल, तर ती कशी आखावी, एवढाच या लेखाचा विषय आहे. उदाहरणादाखल माथेरान घेतले आहे. मुंबई आणि पुणे या दोन्ही शहरांतून एका सकाळीत तेथे पोहोचता येते. आणि चालण्याची सवय सुटलेल्या कुटुंबाला याहून क्षमाशील डोंगर सह्याद्रीच्या परिसरात सहसा सापडत नाही.

रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर माथेरानचा माथा पसरला आहे. चहूबाजूंनी तुटलेले कडे आणि वर मात्र बहुतांशी सौम्य चढउतारांचे पठार, अशी त्याची घडण. कड्यांत काळा कातळ दिसतो, माथ्यावर जांभा आहे. त्यामुळे येथील सर्व वाटा गडद तांबड्या. जांभूळ, हिरडा, अंजनी यांची झाडी इतकी दाट की भर दुपारीही बराचसा मार्ग सावलीतून जातो. ‘माथ्यावरचे रान’ ही नावाची सांगितली जाणारी फोड तेथे गेल्यावर चटकन पटते. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचा जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट चौकच्या बाजूने हा डोंगर चढला आणि माथेरान ‘शोधले’ गेले, असे पुस्तके सांगतात. धनगर आणि ठाकर त्याच्या पुष्कळ आधीपासून या वाटांनी ये-जा करीत होते. शोध लागला तो इंग्रजांना, असे म्हणणे अधिक योग्य.

माथेरानचे खरे वैशिष्ट्य निराळेच आहे. येथे मोटारीला प्रवेश नाही. नेरळहून घाट चढून आलेली प्रत्येक गाडी, मग ती कोणाचीही असो, दस्तुरी नाक्यापाशी थांबते. रुग्णवाहिकेसारखे अपवाद सोडले, तर त्यापुढे इंजिनाचा आवाज नाही. ४ फेब्रुवारी २००३ रोजी केंद्र शासनाने माथेरानला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र घोषित केले, तेव्हा या जुन्या प्रथेला कायद्याचे अधिक भक्कम कवच मिळाले.

वाहन कोणाचे, भार कोणाचा

दस्तुरी नाक्यावर आपण गाडीतून सामान खाली काढतो आणि सुटीचा पहिला खरा प्रश्न तेथेच समोर येतो. बाजारपेठ तेथून अडीच-तीन किलोमीटर आहे. सामान कोणी न्यावयाचे? गुडघे दुखणाऱ्या आजोबांना कोणी न्यावयाचे?

गेली कित्येक दशके या प्रश्नाचे एक उत्तर माणसाने ओढावयाची हातरिक्षा हे होते. पुढे एक जण दांड्या धरून ओढणारा, मागून एक-दोघे ढकलणारे, आणि आत बसलेले पर्यटक. लाल धुळीच्या चढावर घामाघूम झालेल्या त्या माणसांकडे पाहताना आत बसलेल्यालाही अवघडल्यासारखे होत असणारच. ही प्रथा बंद व्हावी, यासाठी हातरिक्षा ओढणारेच न्यायालयात गेले, ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगी आहे. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ई-रिक्षांच्या प्रायोगिक वापराला परवानगी दिली आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात अशा रिक्षा दस्तुरी ते गाव या रस्त्यावर धावल्या. पुढे ६ ऑगस्ट २०२५ रोजी त्याच न्यायालयाने हातरिक्षांची प्रथा मानवी प्रतिष्ठेला बाधा आणणारी ठरवून ती सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने थांबवावी, आणि ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी ई-रिक्षांची योजना करावी, असा आदेश दिला. त्याच निकालात मुख्य रस्त्यावर, म्हणजे दस्तुरीपासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत, पेव्हर ब्लॉक बसविण्यास अनुमती मिळाली; आतील रस्ते आणि पायवाटा मात्र मातीच्याच राहाव्यात, असे न्यायालयाने सांगितले.

हा वाद वरकरणी दिसतो तितका सोपा नाही. आज ई-रिक्षा आली, तर उद्या तिच्यामागोमाग मोटारही येईल, ही भीती माथेरानवर प्रेम करणाऱ्या अनेकांना वाटते आणि ती निराधार म्हणता येणार नाही. घोडेवाल्यांना आपला धंदा बुडण्याची चिंता आहे. त्यांच्यापैकी अनेकांचे घर पिढ्यान्‌पिढ्या एका-दोन घोड्यांवर चालले आहे. दुसरीकडे गावातील शाळकरी मुले, गरोदर स्त्रिया आणि वृद्ध यांनी एका शहरी कल्पनेच्या रक्षणासाठी रोजची पायपीट करीत राहावे, हेही न्याय्य नाही. माझे स्वतःचे मत असे की, ई-रिक्षा हवी. पण तिच्यातील जागा ज्याला चालता येत नाही त्याच्यासाठी असावी. चाळीस वर्षांचा धडधाकट पर्यटक रांगेत घुसून ती अडवतो, तेव्हा तो मोटारीच्या बाजूने एक मत टाकत असतो. जितके लोक पायी येतील, तितका येथे रस्ता रुंद करण्याचा आग्रह दुबळा होईल.

म्हणून सुटीची आखणी दस्तुरी नाक्यापासून मागे मोजीत करावी. आपण जे स्वतः उचलून तीन किलोमीटर नेऊ शकणार नाही, ते घरीच ठेवावे. दोन दिवसांसाठी माणशी एक पाठीवरची पिशवी, पाच किलोच्या आतबाहेर, पुरेशी होते. चाकांची बॅग या वाटांवर निरुपयोगी असते. जांभ्याच्या खडबडीत मातीत तिची चाके अडकतात आणि अखेर ती कोणाच्या तरी डोक्यावर चढते. बहुधा ते डोके एखाद्या स्थानिक स्त्रीचे असते. हमालीचे काम तेथे स्त्रियाही करतात आणि तो त्यांचा हक्काचा रोजगार आहे, तेव्हा वयोवृद्ध बरोबर असल्यास हमाल करण्यात गैर काहीच नाही; मात्र ठरलेला दर आधी विचारून घ्यावा आणि मग त्यात घासाघीस करू नये. दोनशे रुपयांचा चहा विनातक्रार पिणारे आपण हमालीच्या वीस रुपयांसाठी वाद घालतो, हे दृश्य नाक्यावर नेहमीचेच आहे.

ज्येष्ठांसाठी दोन मार्ग आहेत. दस्तुरी नाक्यालगतच अमन लॉज हे छोट्या रेल्वेचे स्थानक आहे. तेथून थेट बाजारपेठेतील माथेरान स्थानकापर्यंत शटल गाडी धावते. दुसरा मार्ग ई-रिक्षेचा. दोहोंचे त्या दिवशीचे वेळापत्रक हॉटेलला दूरध्वनी करून आदल्या दिवशी विचारून ठेवावे. नाक्यावर उतरताच भेटणाऱ्या पहिल्या माणसाच्या ‘गाडी बंद आहे’ या शब्दावर विसंबू नये. थेट स्थानकाच्या खिडकीपाशी जावे. अशी दिशाभूल करणाऱ्यांच्या विरोधात २०२५ च्या मार्चमध्ये खुद्द गावकऱ्यांनीच बंद पुकारला होता, यावरून तो त्रास किती वाढला होता ते कळते.

घोड्यांविषयी वेगळे दोन शब्द. मुलांना घोड्यावर बसण्याची हौस असते आणि ‘इतक्या रुपयांत इतके पॉइंट’ असा सौदा नाक्यापासूनच सुरू होतो. आपल्या अनेक घरांत मुक्या जिवावर भार घालण्याला मनाचा नकार असतो. तो मुलांना शांतपणे समजावून सांगावा, घोडेवाल्याला उपदेश करू नये. गावाचा किराणा आणि गॅसच्या टाक्याही घोड्यांवरूनच वर येतात. म्हणजे आपण घोड्यावर बसलो नाही, तरी आपले जेवण बसूनच आलेले असते. हा भार कमी करण्याचा आपल्या हातातील उपाय म्हणजे वर जाऊन वस्तूंची उधळपट्टी न करणे.

सूर्य आणि स्वयंपाकघर

प्रवास सोपा आहे. मुंबईकरांनी कर्जतकडे जाणारी लोकल धरून नेरळला उतरावे. पुण्याकडून येणाऱ्यांनी कर्जतला उतरून मुंबईकडे जाणारी लोकल घेतली, की भिवपुरी रोडनंतरचे स्थानक नेरळच. नेरळ स्थानकाबाहेर दस्तुरीपर्यंत नेणाऱ्या सामायिक टॅक्सी मिळतात. घाट तीव्र वळणांचा असल्याने ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढे बसावे. सांगली-कोल्हापूरकडील कुटुंबांनी शुक्रवारची रात्र प्रवासात घालवावी, म्हणजे दोन्ही दिवस हाती राहतात.

निवासाची निवड करताना खोलीच्या सजावटीपेक्षा दोन गोष्टी विचाराव्यात. पहिली, बाजारपेठेपासून ते ठिकाण पायी किती मिनिटांवर आहे. एखादे सुंदर उपाहारगृह वनात अर्धा तास आत असले, तर प्रत्येक फेरीत तो अर्धा तास दोनदा मोजावा लागतो आणि संध्याकाळी परतीची वाट अंधारी होते. दुसरी, भोजनाची वेळ. कांदा-लसणाविना आणि कंदमुळांविना स्वयंपाक ही येथील हॉटेलांना नवी गोष्ट नाही. त्यासाठी फार समजावून सांगावे लागत नाही. अडचण येते ती घड्याळाची. सर्वसाधारण पर्यटक रात्री साडेआठला जेवतो आणि स्वयंपाकघर त्याच बेताने चालते. चौविहार पाळणारे कोणी बरोबर असतील, तर नोव्हेंबरच्या मध्यास सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो हे लक्षात घेऊन पाचचे जेवण आरक्षणाच्या वेळीच पक्के करावे. उकळलेले पाणी लागत असल्यास तेही तेव्हाच सांगावे. शनिवारी दुपारी पोहोचून मग सांगितल्यास ‘बघतो’ हे उत्तर मिळते, आणि त्या उत्तरावर आजीचा उपवास घडतो.

येथेच एक मौजेचा पेच निर्माण होतो. माथेरानला आलेला प्रत्येक जण सूर्यास्त पाहण्यासाठी पॉर्क्युपाइन पॉइंटकडे धावतो. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या कुटुंबाने हे दोन्ही साधावे कसे? घरून नेलेली दशमी, खाखरा आणि लोणचे कड्यावरच उघडावे, ही कल्पना मोहक आहे. पण तेथील माकडे आपल्याहून चपळ आहेत आणि पिशवीचा आवाज ओळखतात. जेवण पाचला आटोपून निघावे, तर दमछाक होते. माझ्या मते शनिवारचा सूर्यास्त सरळ सोडून द्यावा आणि रविवारचा सूर्योदय घ्यावा. सूर्यास्ताला कड्यावर जत्रा असते. सूर्योदयाला तुम्ही, एखादा चहावाला आणि रानकोंबड्याचा आवाज. दिवसाच्या दोन टोकांपैकी एकच निवडावयाचे, तर कोणते, हे मला तरी कठीण वाटत नाही.

कोणती वाट, किती चाल

माथेरानला पस्तीसहून अधिक ‘पॉइंट’ आहेत. नावे बहुतेक साहेबांची : लुईसा, अलेक्झांडर, गार्बट, किंग जॉर्ज. यादी हातात घेऊन एकेक खूण करीत जाणाऱ्यांची गाठ वाटेत पडते. त्यांनी काय पाहिले हे त्यांना छायाचित्रांवरूनच कळत असावे. चालण्याच्या सुटीत दोन दिवसांत तीन वाटा पुरे. त्या निवडताना कुटुंबातील सर्वांत हळू चालणाऱ्या व्यक्तीचा वेग हाच सर्वांचा वेग मानावा. मुले आणि साठी ओलांडलेली मंडळी मिळून तासाला अडीच किलोमीटर चालतात, तेही थांबत-बोलत. हा आकडा धरून बेत आखला, की कोणावर ओरडण्याची वेळ येत नाही.

शनिवारी दुपारी सामान ठेवल्यावर पहिली वाट पश्चिमेची घ्यावी. बाजारपेठेतून शार्लट तलावाकडे जाणारा रस्ता सपाट आणि झाडीतला आहे. पिसारनाथाचे जुने मंदिर तलावाच्या काठीच आहे. तलावाचे पाणी पाहून मुलांना उतरण्याचा मोह होतो, पण या गावाच्या पिण्याच्या पाण्याचा हा साठा आहे. त्यात पाय बुडविणे किंवा काठावर खाद्यपदार्थांचे कागद टाकणे म्हणजे रात्री आपल्याच पेल्यात येणारे पाणी गढूळ करणे. तेथून एको पॉइंट जवळ आहे. मुले हाका मारतात, समोरचा कडा उत्तर देतो आणि लहानग्यांचा थकवा पळतो. आणखी पुढे लुईसा पॉइंटवरून समोर प्रबळगडाचे प्रशस्त पठार दिसते. त्याच्या शेजारचा कलावंतिणीचा सुळका मुलांना दाखवावा. साडेचारला मागे फिरले, की पाचच्या जेवणाला पोहोचता येते. जेवणानंतर बाजारपेठेत शतपावली, चिक्कीची दुकाने आणि नऊला झोप. पहिल्या दिवशी एवढे पुष्कळ झाले.

दुसरी वाट रविवारच्या पहाटेची, उत्तर टोकावरील पॅनोरमा पॉइंटची. ही लांब आहे. बाजारपेठेतून एका बाजूने तास-दीड तास धरावा. म्हणून पाचला निघावे लागते आणि सर्वांना नेण्याचा आग्रह धरू नये. ज्यांना झेपेल त्यांनी जावे, इतरांनी हॉटेलच्या ओसरीवर पक्षी ऐकावेत. प्रत्येकाच्या हाती विजेरी हवी. मोबाइलच्या उजेडावर एक तास काढणे शहाणपणाचे नाही. अंधारात चालताना पावलांखालच्या पाचोळ्याचा आवाज, मध्येच थंड हवेची झुळूक, दूर खाली लोकलची शीळ. पावणेसातच्या सुमारास पूर्वेकडील भीमाशंकरच्या रांगेमागून सूर्य वर येतो, आणि तोवर धुक्याने भरलेले नेरळचे खोरे हळूहळू उलगडू लागते. आधी टेकड्यांचे माथे, मग झाडे, मग उल्हास नदीची रेघ, शेवटी घरांची कौले. खालच्या अंगाला पेबचा किल्ला आणि डोंगराला वळसे घालीत चढणारी छोट्या रेल्वेची वाट स्पष्ट दिसते. नवकारशी करणाऱ्यांना घाई नाही. सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटे तेथेच काढावीत आणि मग परतीच्या वाटेवरच्या टपरीत पहिला चहा घ्यावा. त्या चहाची चव शहरात नेता येत नाही.

तिसरी वाट दक्षिणेच्या वळशाची, आणि माझ्या दृष्टीने माथेरानचे सार हीच. न्याहारीनंतर नऊला निघून बाजारपेठेतून पूर्वेच्या अलेक्झांडर आणि रामबाग पॉइंटकडे जावे, तेथून कड्याच्या कडेकडेने लिटल चौक, मग अगदी दक्षिण टोकाचा चौक पॉइंट, पुढे वन ट्री हिल, बेलव्हेडिअर, लॉर्ड पॉइंट आणि शार्लट तलावावरून घरी. निवांत चालल्यास चार तास लागतात. गर्दी रामबागपर्यंतच असते. पुढे वाट आपलीच. चौक पॉइंटवरून खाली मोरबे धरणाचे पाणी चमकताना दिसते आणि त्याच्या अलीकडे इर्शाळगडाचा सुळका. २०२३ च्या जुलैत या गडाच्या कुशीतील इर्शाळवाडीवर रात्री दरड कोसळली आणि आदिवासींची अनेक घरे तिच्याखाली गेली. त्या बाजूला पाहत मुले सहसा विचारतात, तेव्हा सांगावे. डोंगर केवळ पाहण्याची वस्तू आहे, असा समज त्यांनी करून घेऊ नये.

वन ट्री हिल हा मुख्य माथ्यापासून सुटलेला एक उंचवटा आहे. त्याच्या बाजूने खाली उतरणारी खडी वाट ‘शिवाजी शिडी’ या नावाने ओळखली जाते. ती सराईत गिर्यारोहकांची, मुलांना घेऊन तिकडे वळू नये. कड्याच्या कडेचा जांभा कित्येक ठिकाणी ठिसूळ असतो आणि सर्वत्र कठडे नाहीत. काठापासून दोन पुरुष अंतर ठेवून उभे राहिल्यानेही दृश्य तेवढेच दिसते. छायाचित्रासाठी मागे सरकत जाणे, हा या वाटेवरील सर्वांत मोठा धोका आहे.

वाटांना फाटे पुष्कळ फुटतात आणि झाडीत सगळ्याच वाटा सारख्या दिसतात. मोबाइलचा नकाशा मधूनच गप्प होतो. निघतानाच हॉटेलातून कागदी नकाशा मागून घ्यावा आणि शंका आली की भेटेल त्या स्थानिकाला विचारावे. ‘दादा, चौक पॉइंटकडे हीच वाट ना?’ एवढ्या प्रश्नावर माणूस काम थांबवून चार पावले बरोबर येतो, हा अनुभव येथे वारंवार येतो.

बरोबर काय न्यावे, याची लांबलचक यादी देण्याचे कारण नाही. वापरून मऊ झालेले, तळाला पकड असलेले कापडी बूट. नवे बूट सुटीच्या दिवशी प्रथम घालू नयेत. फिकट रंगाचे मोजे नकोत, कारण लाल धूळ धुऊनही जात नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटेसाठी एक स्वेटर. माणशी एक बाटली पाणी, आणि पोटाला राजगिऱ्याचे लाडू किंवा शेंगदाणे-गूळ. मात्र ते पिशवीच्या तळाशी आणि कापडात बांधून, म्हणजे माकडांची नजर जात नाही. त्यांना खाऊ घालण्यात पुण्य आहे असे ज्यांना वाटते त्यांनी लक्षात घ्यावे, की माणसाच्या हातून खायला शिकलेले माकडच पुढे मुलांच्या अंगावर येते आणि मग काठीचा मार खाते.

ऋतूविषयीही सांगावयास हवे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा चालण्याचा उत्तम काळ. मार्च-एप्रिलमध्ये दुपार तापते, पण अंजनीच्या निळ्याजांभळ्या फुलोऱ्यासाठी आणि पुढे जांभळांसाठी जाणारे रसिक आहेत. पावसाळ्यात माथेरान अतिशय देखणे दिसते, हे खरे. तथापि तेव्हा वाटा निसरड्या होतात, कडे धुक्यात बुडतात, दरडी कोसळतात आणि नेरळ ते अमन लॉज ही रेल्वे बंद ठेवली जाते. चातुर्मासात हिरवळीवरून, नव्याने उगवलेल्या जिवांवरून चालणे टाळावे, हा आपल्या वडीलधाऱ्यांचा दंडक येथे सुरक्षिततेच्या नियमाशी आपोआप जुळतो. २६ जुलै २००५ च्या प्रलयात ही रेल्वे इतकी उद्ध्वस्त झाली, की ती पूर्ववत सुरू होण्यास २००७ साल उजाडले.

या रेल्वेनेच परतावे, अशी माझी शिफारस आहे. वर येताना नेरळहून तिची तिकिटे मिळणे कठीण असते, कारण दिवसाला फेऱ्या मोजक्याच आणि मुले-माणसे असंख्य. रविवारी दुपारी उतरतानाही गर्दी असतेच, पण सकाळच्या फेरफटक्यातून कोणी एक जण लवकर परतून खिडकीपाशी उभा राहिला, तर बहुधा काम होते. न झाल्यास दस्तुरीहून टॅक्सी आहेच. मात्र चारच्या आत घाट उतरावा, पुढे वाहनांची गर्दी वाढत जाते.

सर आदमजी पीरभॉय यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी हा मार्ग १९०४ ते १९०७ या काळात बांधविला. सुमारे २१ किलोमीटरचा हा लोहमार्ग अवघ्या दोन फूट रुंदीचा, आणि काही ठिकाणी चढ इतका तीव्र की वीस फुटांच्या अंतरात गाडी एक फूट वर चढते. म्हणून ती धावत नाही, चालते. शेजारून पळणारा मुलगा तिच्याशी शर्यत लावू शकतो. वाटेत एकच बोगदा आहे, तोही क्षणात संपणारा. वॉटर पाइप, जुम्मापट्टी अशी स्थानके येतात. एखाद्या स्थानकावर गाडी रेंगाळते, कोणी करवंदांच्या किंवा काकडीच्या टोपल्या घेऊन खिडकीशी येते, आणि उलट दिशेने येणाऱ्या गाडीतील अनोळखी मुले आपल्या मुलांना हात हलवून जातात. डब्यात डाव्या-उजव्या बाजूची भांडणे होऊ नयेत म्हणून आधीच सांगून ठेवावे : गाडी इतकी वळणे घेते, की दरी दोन्ही बाजूंच्या वाट्याला येते.